पेट्रोल वांचविणारीं उपकरणें

गेल्या दिवाळीच्या सुटींत मी माझ्या थोरल्या बंधूंकडे गेलों असतां, त्यांच्या मोटारीच्या पेट्रोलच्या नळीवर दोन काळे चुंबक पट्ट्यानें आवळलेले दिसले. चौकशी करतां ते मोठ्या समाधानानें म्हणाले, “दीड हजार रुपये पडले खरे, पण लिटरला १४ किलोमीटर जाणारी गाडी आतां १६ जाते.” चुंबकामुळें पेट्रोलचे कण सुटे होऊन तें अधिक पूर्णपणें जळतें, असें विक्रेत्यानें त्यांस सांगितलें होतें. बंधु खोटें बोलणारे नव्हेत, व हिशेबाची वहीहि त्यांनीं पुढें ठेविली. मग ह्यांत संशयास जागा कोठें?

ती जागा शोधण्यासाठीं आधीं इंजिनाच्या पोटांत शिरलें पाहिजे. तेथें पेट्रोल व हवा यांचें मिश्रण दाबलें जातें, ठिणगी पडून तें पेटतें, आणि तापलेला वायु फुगून दट्ट्यास खालीं ढकलतो. एक ग्रॅम पेट्रोल पुरतें जळावयास सुमारें १४.७ ग्रॅम हवा लागते. हल्लींच्या गाड्यांत धुराच्या नळींतील प्राणवायु मोजून हें प्रमाण क्षणोक्षणीं सांभाळलें जातें. ह्यामुळें सुस्थितींतल्या इंजिनांत शंभर भाग पेट्रोलपैकीं सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव भाग तेथेंच जळून जातात. उरले किती? दोन-तीन. तेव्हां एखाद्या उपकरणानें ज्वलन अगदीं परिपूर्ण केलें, तरी ह्या दोन-तीन भागांपलीकडे तें काय वांचविणार? जाहिरातींत मात्र वीस-तीस टक्क्यांची भाषा असते. जें शिल्लकच नाहीं तें वांचवून देण्याचें हें वचन होय.

याचा अर्थ इंजिन काटकसरी आहे असा नव्हे. रुपयाच्या पेट्रोलांतील वीस-पंचवीस पैशांचेंच काम चाकांपर्यंत पोंचतें. बाकीची बहुतेक शक्ति उष्णतेच्या रूपानें धुरावाटे व रेडिएटरवाटे निघून जाते, थोडी घर्षणांत खर्ची पडते. परंतु हें नुकसान पेट्रोल न जळल्यामुळें होत नसून, जळून झालेल्या उष्णतेचें काम करून घेतांना होतें. उष्णतेवर चालणाऱ्या कोणत्याहि यंत्रास तिचा कांहीं अंश टाकून द्यावाच लागतो, हें सादी कार्नो या फ्रेंच तरुणानें १८२४ सालींच दाखवून दिलें. नळीवर बांधलेला चुंबक तेथें काय करणार? शिवाय पेट्रोल कांहीं लोखंडासारखें चुंबकाकडे धांवत नाहीं. त्यावर होणारा परिणाम इतका क्षीण, कीं तो नसल्यांतच जमा.

पाण्याचें विघटन करून निघालेला वायु इंजिनांत सोडणारें एक उपकरणहि विकलें जातें. पाणी म्हणजे एकदां जळून चुकलेला हायड्रोजनच. त्यास पुन्हां जळण्याजोगें करण्यास वीज हवी, आणि ती वीज इंजिनच उत्पन्न करणार! इंजिनाच्या १०० भाग कामांतून साधारण ६० भाग वीज मिळते. त्या विजेंतून सुमारें ४० भागांपुरता वायु निघतो. आणि तो इंजिनांत जाळला म्हणजे कामाचे दहाच भाग परत येतात. शंभर देऊन दहा घेण्याच्या ह्या व्यापारास बचत म्हणतात!

असलीं आश्वासनें नवीन नाहींत. कॅनडांतील चार्ल्स नेल्सन पोग याच्या कार्ब्युरेटरवर एका गॅलनांत दोनशें मैल जातां येतें, असा गवगवा १९३० नंतरच्या दशकांत झाला होता. पण तशी गाडी रस्त्यावर कधींच आली नाहीं. अमेरिकेच्या पर्यावरण-संरक्षण खात्यानें पुढें शंभराहून अधिक उपकरणें तपासलीं. बहुतेकांपासून कांहींच लाभ आढळला नाहीं, आणि कांहींनीं तर धुरांतील विषारी द्रव्यें वाढविलीं.

तथापि बंधूंच्या वहींतील १६ चा आंकडा खरा होता. नववींत शिकणाऱ्या माझ्या पुतण्यानें तो उलगडण्याचें मनावर घेतलें. त्यानें चुंबकांच्याच आकाराचे साध्या लोखंडाचे दोन तुकडे मिळविले, दोन्ही जोड्या सारख्याच काळ्या कापडांत शिवल्या, आणि वडिलांच्या संमतीनें, पण त्यांना न कळूं देतां, टांकी भरण्याच्या प्रत्येक खेपेस कधीं ही जोडी तर कधीं ती नळीवर बांधली. टांकी दर वेळीं एकाच पंपावर काठोकाठ भरावयाची, असाहि नियम ठेविला. सहा खेपा झाल्यावर त्याचें पत्र आलें: “काका, चुंबकाच्या तीन खेपांची सरासरी १५.९, लोखंडाची १६.०. बाबांनीं दोन वेळां बेरीज तपासली.”

मग मागील चौकशी सुरू झाली. आधींचा १४ चा आंकडा गणेशोत्सवांतील गर्दींतल्या एकाच खेपेचा निघाला. चुंबक बसविणाऱ्या कारागिरानें त्याच दिवशीं चारी टायरांत कमी झालेली हवा भरून दिली होती. आणि वहिनींनीं सांगितलेली गोष्ट तर सर्वांत महत्त्वाची: दीड हजार खर्च झाल्यापासून बंधु गाडी हळूं चालवूं लागले होते, पुढें सिग्नल दिसतांच पेडलवरून पाय काढून घेत होते, व उगाच ब्रेक दाबीत नव्हते. ह्या संवयी त्यांनीं अजून सोडलेल्या नाहींत. चुंबक मात्र पुतण्याच्या हत्यारांच्या पेटींत आहे. जमिनीवर सांडलेले स्क्रू गोळा करण्यास तो फार उपयोगी पडतो.