राइबोसोमल आरएनए संग्रह आणि द्रव्यपरीक्षण

प्रास्ताविक : चरकसंहितेने अज्ञात औषधाची गणना विष, शस्त्र व अग्नी यांच्या पंक्तीत केली आहे. अशोकाच्या सालीऐवजी बंगल्यांच्या कुंपणालगत वाढणाऱ्या खोट्या अशोकाची साल पोत्यातून येते, तेव्हा या इशाऱ्याचे मर्म उमगते. अशोकारिष्ट पाठाबरहुकूम सिद्ध होते, पण रुग्णेस गुण येत नाही आणि दोष मात्र शास्त्राच्या माथी बसतो. म्हणून द्रव्यनिश्चितीच्या एका अर्वाचीन साधनाचा परिचय येथे करून देत आहोत.

मूलतत्त्व : प्रत्येक पेशीत प्रथिने घडविणारे राइबोसोम असतात. त्यांतील आरएनएच्या क्रमाचा काही भाग सर्व सजीवांत जवळजवळ समान, तर काही भाग बदलता असतो. त्यांच्या तुलनेतून सजीवांचे परस्परनाते ठरते. १९७७ मध्ये कार्ल वूस व जॉर्ज फॉक्स यांनी याच मार्गाने आर्किया हा जिवाणूंहून भिन्न गट दाखवून दिला. असे क्रम पारखून व जुळवून जर्मनीतील ब्रेमेन येथे ‘सिल्वा’ हा ऑनलाइन संग्रह सिद्ध झाला; त्याची माहिती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. लॅटिन भाषेत ‘सिल्वा’ म्हणजे अरण्य.

वनस्पतींसाठी उपयोग : सिल्वातील क्रम प्रामुख्याने दूरचे नाते सांगतात. अशोक शिंबी कुलातील व खोटा अशोक सीताफळाच्या कुलातील, त्यामुळे त्यांतील भेद सहज कळतो. मात्र वावडिंगाच्या नावाने एम्बेलिया रिबिस व एम्बेलिया त्सेरियम-कॉटम या दोन्ही जाती विकल्या जातात. अशा निकटच्या जातींसाठी राइबोसोमल जनुकांच्या मधला ‘आयटीएस’ हा अधिक बदलता पट्टा तपासतात. तो सिल्वात नसून जेनबँकेसारख्या सार्वजनिक संग्रहांतील क्रमांशी ताडून पाहावा लागतो. तेथील नोंदीही क्वचित चुकीच्या नावाने असतात. म्हणून तज्ज्ञाने प्रमाणित केलेला नमुना सोबत तपासणे इष्ट.

मर्यादा : आपल्या अकोले तालुक्यातील हिरड्याचेच उदाहरण घेऊ. बाळहिरडा व सुरवारी हिरडा ही एकाच वृक्षाची कोवळी व पक्व फळे आहेत. दोहोंचा डीएनए एकच, त्यामुळे ही चाचणी त्यांत भेद करणार नाही. दशमुळात मुळाऐवजी खोड आले तरी ती मौनच पाळील. तेथे सूक्ष्मदर्शकच साक्ष देतो. रस, वीर्य, संग्रहकाल यांविषयीही ती काही सांगत नाही. दीर्घकाळ उकळलेल्या क्वाथात डीएनएचे तुकडे होतात, तर भस्मात तो उरतच नाही. सबब परीक्षा कच्च्या द्रव्याचीच व्हावी.

उपसंहार : वर्ण, गंध, रस व स्पर्श यांनी प्रथम परीक्षा, नंतर सूक्ष्मदर्शक, आणि संशय उरल्यास डीएनए, असा क्रम आम्ही सुचवितो. फार्मसीचालकांनी प्रत्येक खेपेतील थोडे द्रव्य कोरडे करून, तारखेची व पुरवठादाराची चिठ्ठी लावून राखून ठेवावे. नमुनाच शिल्लक नसेल, तर उद्याची कोणतीही प्रयोगशाळा आपल्या साहाय्यास येऊ शकणार नाही.