सांगावा : एका पारिभाषिक शब्दाचा विचार

'सिग्नल'साठी आपण 'संकेत' लिहितो. त्यात हालचाल दिसत नाही. 'निरोप' सोपा, पण त्याचा दुसरा अर्थ रुग्णाच्या उशाशी नको. मला 'सांगावा' जवळचा वाटतो. सांगावा आला की माणूस निघतो.

ऑस्टिओसार्कोमा या हाडाच्या कर्करोगात असेच घडते. फुप्फुसातही तयार होणारे सीएक्ससीएल१२ हे प्रथिन कर्कपेशीवरील सीएक्ससीआर४ या ग्राहीला चिकटते. मग पेशीचा आतील सांगाडा पुढच्या बाजूस नव्याने रचला जातो आणि प्रथिन जिकडे दाट, तिकडे ती सरकते. हा कर्करोग बहुतेक वेळा फुप्फुसात पसरतो, त्यामागचे हे एक कारण मानले जाते.

मात्र वर्गात एवढे सांगायलाच हवे : सांगावा धाडणाऱ्याला हेतू असतो, प्रथिनाला नसतो. फुप्फुस रोगाला बोलावत नाही. रुग्णाचा त्यात दोष नसतो.