साखळी नव्हे, सोबत

एखाद्या घरातील मनुष्याचे मन बिघडले म्हणजे गावात दोन गोष्टी घडतात : बाहेर कुजबूज सुरू होते, आणि आत घरचे लोक दार लावून घेतात. कोठे कोठे त्यास बांधूनही ठेवितात. अशा वेळी शेजाऱ्यांचे कर्तव्य काय, याचा आज आपण विचार करू.

बांधून ठेवण्याचा परिणाम तामिळनाडूतील एरवाडी येथे दिसला. तेथील एका खाजगी आश्रयस्थानात मनोरुग्णांस साखळदंडांनी जखडून ठेवीत असत. ता. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे आग लागली, आणि पळता न आल्यामुळे २८ जण प्राणास मुकले. मनोरुग्णास साखळीने बांधण्यास सन २०१७ च्या कायद्याने मनाई आहे.

याच्या उलट उदाहरण अमृतसरचे. तेथील मनोरुग्णालयाचे डॉ. विद्या सागर यांनी १९५० नंतरच्या दशकात आवारात तंबू ठोकून नातलगांस रुग्णांजवळ राहू दिले. नातलग शुश्रूषा करू लागले, आजाराविषयी शिकले, आणि बरे झालेल्या आपल्या माणसास घरी घेऊन गेले. औषधास सोबतीची जोड मिळाली, हे येथे ध्यानात घ्यावे.

तर मग आपण काय करावे?

१. प्रथम ऐकावे. ‘जीव द्यावासा वाटतो काय?’ असे शांतपणे व स्पष्ट विचारावे. विचारल्याने तसा विचार मनात येतो, ही समजूत खरी नाही.

२. होय असे उत्तर आल्यास त्यास एकटे सोडू नये. फवारणीचे विषारी औषध कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यावी. जीव देण्याची तीव्र इच्छा पुष्कळदा थोड्या वेळात ओसरते. तेवढा वेळ निभावला तर प्राण वाचतो.

३. अंगारेधुपारे करण्यात दिवस न दवडता त्यास डॉक्टरकडे न्यावे, व सोबत कोणी जावे. ‘टेली मानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो, आणि मराठीतही बोलता येते.

४. तो घरी परतल्यावर त्यास ‘वेडा’ म्हणू नये. पंगतीस बोलवावे, झेपेल ते काम द्यावे, आणि डॉक्टरांस विचारल्यावाचून औषध बंद होऊ देऊ नये.

मंडळीत विचारण्याचे प्रश्न : आपल्या गावी असे कोणाचे दार बंद आहे काय? तेथे या आठवड्यात आपल्यापैकी प्रथम कोण जाईल?