खुबा मोडला: घाई कशाची करायची, पैसा कुठे घालायचा

घरातलं वयस्क माणूस न्हाणीघरात घसरलं. एक पाय आखूड दिसतोय, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलंय, टाच अंथरुणावरून उचलत नाही. खुबा मोडला असं धरून चाला. मालिश नको, उभं करून बघणं नको, हाडवैद्याकडे फेरी नको. हाडांचे सर्जन, फिजिशियन आणि भूलतज्ज्ञ असे तिघेही मिळतील अशा रुग्णालयात थेट न्या.

सोबत काय घ्याल?
आधार कार्ड, रेशनकार्ड, विमा पॉलिसी, जुने ईसीजी-इकोचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर शेवटची कधी घेतली ते पहिल्याच डॉक्टरांना सांगा. शस्त्रक्रियेची वेळ त्यावर ठरते.

शस्त्रक्रिया किती लवकर?
भारतासह 17 देशांतल्या 2,970 रुग्णांवरचा 'हिप अटॅक' अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. निदानानंतर साधारण 6 तासांत शस्त्रक्रिया झालेले आणि 24 तासांत झालेले, या दोन गटांतल्या मृत्यूंमध्ये ठोस फरक दिसला नाही. पण लवकर झालेल्यांमध्ये भ्रमिष्टपणा आणि लघवीचा संसर्ग कमी होता, आणि ती माणसं लवकर उभी राहिली. तेव्हा एका दिवसाच्या थांबण्याने घाबरू नका. मात्र 'सामान सोमवारी येईल' म्हणून पेशंटला तीन दिवस पडून ठेवत असतील, तर दुसऱ्या रुग्णालयात चौकशी करा.

खर्च किती?
पुण्या-मुंबईच्या खासगी रुग्णालयांत अर्धा सांधा (फक्त गोळा) बदलायला साधारण दीड ते तीन लाख, पूर्ण सांध्याला (गोळा आणि वाटी) अडीच ते पाच लाख. आधी हे तपासा:

- वय 70 पूर्ण असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड. उत्पन्नाची अट नाही, आधार पुरतं, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण.
- महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना. रुग्णालय योजनेत आहे का, हे दाखल होण्यापूर्वी तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) विचारा. पॅकेजमधल्या इम्प्लांटचे वेगळे पैसे मागितले तर 155388 किंवा 14555 वर तक्रार करा.
- धर्मादाय रुग्णालय. वार्षिक उत्पन्न 1 लाख 80 हजारांपर्यंत असेल तर मोफत, 3 लाख 60 हजारांपर्यंत असेल तर निम्म्या दरात उपचार. प्रत्येकी 10 टक्के खाटा राखीव असतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड दाखवा, तिथल्या समाजसेवकाला भेटा.

महाग ते चांगलं?
प्रत्येक वेळी नाही. मांडीच्या हाडाची मान मोडली असेल तर 'पूर्ण सांधाच घाला' असा आग्रह होतो. 2019 च्या 'हेल्थ' अभ्यासात 1,495 रुग्ण होते. दोन वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचं प्रमाण पूर्ण सांध्यात 7.9 टक्के, अर्ध्या सांध्यात 8.3 टक्के, म्हणजे जवळपास सारखंच. पूर्ण सांधा का हवा, याचं तुमच्या पेशंटपुरतं कारण विचारा.

अर्धा सांधा सिमेंटचा की बिनसिमेंटचा? ब्रिटनमधल्या 1,225 रुग्णांवरच्या 2022 च्या अभ्यासात सिमेंटवाल्यांचं जगणं थोडं सुसह्य होतं. सांध्याभोवतीचं हाड पुन्हा मोडणं त्यांच्यात 0.5 टक्के, बिनसिमेंटवाल्यांत 2.1 टक्के.

पाठीतून भूल की पूर्ण भूल? 1,600 रुग्णांवरच्या 2021 च्या अभ्यासात 60 दिवसांनी चालता येण्यात फरक आढळला नाही. भूलतज्ज्ञांना ठरवू द्या.

रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून एनॉक्सापॅरिनची सुई देतात. एक सुई काही शे रुपयांची, ॲस्पिरिनची अख्खी पट्टी काही रुपयांची. 2023 मध्ये 12,211 रुग्णांवर तुलना झाली. मृत्यू रोखण्यात ॲस्पिरिन कमी पडली नाही, पण पायातल्या गुठळ्या किंचित जास्त झाल्या. त्यातल्या रुग्णांचं सरासरी वय मात्र पंचेचाळीसच्या आसपास होतं. ऐंशीच्या आजोबांची सुई स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

बिलात काय लपतं?
अंदाजपत्रक लेखी घ्या. त्यात इम्प्लांट, जीएसटी, आयसीयू, रक्त, फिजिशियनच्या भेटी आणि फिजिओथेरपी धरलीय का, ते एकेक विचारा. दरपत्रक लावणं राज्यातल्या खासगी रुग्णालयांना बंधनकारक आहे. विमा असेल तर पॉलिसीतली खोलीभाड्याची मर्यादा पाहा. त्यापेक्षा महाग खोली घेतलीत, तर इतर काही खर्चांतही त्या प्रमाणात कपात होऊ शकते. हातमोजे, डायपर बहुतेकदा तुमच्याच खिशातून. घरी वॉकर, कमोड खुर्ची आणि दिवसरात्र माणूस लागेल. हा खर्च कुठल्याच पॅकेजमध्ये नसतो.

इम्प्लांटच्या खोक्यावर छोटे स्टिकर असतात: कंपनी, माप, लॉट नंबर. ते तुमच्या डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या आणि बिलाशी ताडून पाहा. पुढे सांध्याने त्रास दिला, तर नव्या सर्जनला पहिली हीच माहिती लागते.

घरी जाण्यापूर्वी एक प्रश्न
'हाडं ठिसूळ झाल्याचं औषध कधी सुरू करायचं?' हे सर्वांत जास्त राहून जातं. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर 90 दिवसांच्या आत झोलेड्रॉनिक ॲसिडचं वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन सुरू केलेल्यांमध्ये पुन्हा हाड मोडण्याचं प्रमाण 8.6 टक्के होतं, न घेतलेल्यांमध्ये 13.9 टक्के. आधी मूत्रपिंड, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्या. आणि पेशंट घरी पोहोचायच्या आत न्हाणीघरात धरायला दांडी बसवा. दुसरा खुबा अजून शाबूत आहे.