रॅकमधली मोकळी जागा

रॅकची उंची 'यू'मध्ये मोजतात. 1 यू म्हणजे 44.45 मिलिमीटर. पण 42 यूच्या रॅकमध्ये 1 यूची 42 यंत्रे बसतील, हा हिशोब मला मान्य नाही. आधी उष्णता मोजा. यंत्र जेवढी वीज घेते, जवळजवळ तेवढीच उष्णता बाहेर टाकते. सगळी मिळून 2000 वॉट घेत असतील, तर कपाटात 2 किलोवॉटचा हीटर लावल्यासारखेच झाले.

सर्व्हर सहसा समोरून गार हवा ओढून मागे गरम सोडतो. मधला कप्पा उघडा राहिला, की तीच गरम हवा वळून पुढे येते. खोली गार आणि यंत्र तापलेले! एसी आणखी कमी करण्यापेक्षा त्या कप्प्यावर कोरी पट्टी लावा. काही स्विच बाजूने हवा सोडतात, तेही बसवण्याआधी पाहा. तापमापक भिंतीवर नको, सर्वांत वरच्या यंत्रासमोर टांगा. तिथे 18 ते 27 अंश सेल्सिअस हवे.

वीज गेली, की यूपीएसवर यंत्रे चालू राहतात, एसी मात्र थांबतो. म्हणून कोणते यंत्र आधी बंद करायचे, याची यादी मी रॅकच्या दारावरच चिकटवली आहे.