पटकन आलेला होकार

प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपीच्या अभ्यासासाठी माणसं मिळवायची असतील, तर एमओ साहेबांच्या अंदाजावर विसंबू नका. ‘आपल्याकडे बीपीचे पेशंट पुष्कळ, तुमचा आकडा सहज होईल,’ असं मला जिथे सांगितलं गेलं, तिथे साहेब खोटं बोलत नव्हते. ते ओपीडीचं रजिस्टर बघून बोलत होते. पण रजिस्टर भेटी मोजतं. दर महिन्याला गोळ्या नेणारी एकच आजी वर्षात बारा वेळा तिथे दिसते, आणि त्यातही बरेचदा नातूच आलेला असतो. अमेरिकन औषधतज्ज्ञ लुई लसान्या यांच्या नावावर या क्षेत्रात एक नियमच सांगतात: अभ्यास सुरू झाला की रुग्ण गायब होतात, संपला की परत दिसू लागतात. तेव्हा प्रस्तावात आकडा लिहिण्याआधी नावं वेगळी काढा, वयाचे आणि आजाराचे निकष लावा, उरतील त्यांतलेही काही जण नाही म्हणणार हे धरून चाला.

आकडा कमी पडू लागला की पुढचं सगळं बिघडतं. वरून फोन येतात. मग आशाताईंना निरोप जातो, ‘चार बायका घेऊन या.’ त्या आणतातही, कारण गावात त्यांचा शब्द चालतो. संमतीचा कागद वाचून संपायच्या आत अंगठा उठलेला असतो. ‘मावशी, अंगठा कशासाठी दिलात?’ असं मी एकीला बाहेर विचारलं. ‘गोळ्या बंद होऊ नयेत म्हणून,’ ती म्हणाली.

तेव्हापासून नकारापेक्षा मला पटकन आलेल्या होकाराची धास्ती वाटते. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी अभ्यास चालू आहे एवढंच सांगावं. संमती दुसऱ्या कुणी, केसपेपरच्या रांगेपासून लांब बसून घ्यावी. वाचता न येणाऱ्यांसाठी आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे त्रयस्थ साक्षीदार लागतो. ज्या आशाताईंनी बाई आणली, त्यांचीच सही साक्षीदार म्हणून घेऊ नका, कितीही सोयीचं वाटलं तरी. माहितीपत्रक घरी नेऊ द्या. ‘नाही म्हणालात तरी गोळ्या मिळतीलच’ हे सगळ्यात आधी सांगा आणि काय समजलं ते त्यांच्याच तोंडून ऐका.

बुडालेला रोज आणि एसटीचं भाडं देता येतं; ते आधी नैतिकता समितीकडून मंजूर करून घ्या. बाजाराच्या दिवशी गर्दी दिसते, थांबायला कुणी तयार नसतं. संमतीसाठी बसायला खोली कधी मिळेल ते सिस्टरना विचारा. लसीकरणाच्या दिवशी खोली मागणाऱ्या संशोधकाला तिथे कुणी चहाही विचारत नाही.