काशीचे घाट पायी: पैसे कुठे लागतात, कुठे लागत नाहीत

अस्सी ते राजघाट, गंगेच्या काठाने साधारण साडेसहा किलोमीटर. तिकीट नाही, परवाना नाही, गाइडची सक्ती नाही. न थांबता चाललात तर दोन तास. नदी, पक्षी, पायऱ्या बघत गेलात तर साडेतीन-चार. खिसा हलका होतो तो वाटेत चिकटणाऱ्या मंडळींमुळे. म्हणून खाली वाटेपेक्षा त्यांच्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

जायचं ते नोव्हेंबर ते मार्चच्या मध्यापर्यंत. जुलै ते सप्टेंबर विसरा: पुरात खालच्या पायऱ्या बुडतात, घाटाघाटांमधली सलग वाट तुटते, नावाही बंद ठेवतात. ऑक्टोबरात पाणी उतरतं, पण गाळ निसरडा असतो. कार्तिक पौर्णिमेला, म्हणजे देव दिवाळीला, खोल्या आणि नावांचे दर कित्येक पट होतात आणि पाय ठेवायला जागा नसते. चालायला आलेल्यांनी तो आठवडा टाळावा. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे गाड्या कित्येक तास उशिरा धावतात, तेव्हा परतीच्या गाडीला लागूनच पुढचं विमान घेऊ नका.

उजाडतं मुंबईच्या आधी. हिवाळ्यात जवळपास अर्धा तास, जूनमध्ये पाऊण तासाहून जास्त. जानेवारीत पावणेसातला सूर्य वर येतो, म्हणून सहाला अस्सीवर हजर राहा. तिथला ‘सुबह-ए-बनारस’ हा पहाटेचा आरती-संगीताचा कार्यक्रम फुकट आहे. घाटांची तोंडं पूर्वेला, त्यामुळे सकाळभर ऊन थेट अंगावर येतं आणि दुपार कलली की सावली. मार्चनंतर जात असाल तर संध्याकाळच बरी.

दिशा अस्सीकडून राजघाटाकडे ठेवा. इथे गंगा उत्तरेकडे वाहते, तुम्हीही प्रवाहाबरोबर चालता, आणि राजघाटाशेजारी काशी स्टेशन असल्याने परतीला रिक्षा मिळते. थकलात तर सुटकेच्या दोन वाटा आहेत: दशाश्वमेधवरून वर गोदौलिया, पंचगंगेवरून गल्ल्यांतून मैदागिन. मधल्या पट्ट्यात अहिल्याबाई, भोसले, शिंदे ही नावं ओळखीची वाटतील; पंचगंगा-दुर्गाघाट भागात जुनी मराठी घरंही आहेत. मणिकर्णिका या स्मशानघाटापाशी लाकडांच्या राशींमुळे खालून वाट मिळत नाही. वर गल्लीत शिरा आणि शिंदे घाटावर उतरा.

मणिकर्णिकेवरच सर्वात महागडा सापळा असतो. कोणीतरी सौम्यपणे ‘या, वरून दाखवतो’ म्हणतो, माहिती देतो आणि शेवटी गरिबांच्या चितेच्या लाकडासाठी दान मागतो. भाव किलोवर सांगतात, म्हणून आकडा हजारांत जातो. देऊ नका, कोणाबरोबर इमारतीच्या वरच्या मजल्यावर जाऊ नका, फोन खिशातच ठेवा. फोटो काढलात की ‘दंड’ मागणारे लगेच जमतात. हरिश्चंद्र या दुसऱ्या स्मशानघाटावरही हेच पाळा.

दशाश्वमेधवर हात मिळवायला पुढे येणाऱ्याला हात देऊ नका. त्या हाताची मालिश सुरू होते आणि मग पैसे. कपाळाला गंध, हातात फुलांचा दिवा, मनगटाला धागा हे सगळं आधी ‘फ्री’ असतं. नको असेल तर न थांबता ‘नहीं भैया’ म्हणा आणि चालत राहा. थांबून समजावत बसलात की सौदा सुरू झाला. संध्याकाळची गंगा आरती पायऱ्यांवर बसून फुकट बघता येते. पैसे लागतात ते नावेतल्या किंवा गच्चीवरच्या जागेचे.

नाव करणार असाल तर चार गोष्टी बसण्याआधी ठरवा: भाव माणशी की अख्ख्या नावेचा, वेळ किती, कुठून कुठे, आणि उतरवणार कुठे. पहिल्या भावाला होकार देऊ नका, दोन नावाड्यांना विचारा. पैसे उतरल्यावर द्या. लाइफ जॅकेट मागा. त्याचे वेगळे पैसे नसतात. पलीकडे रेतीवर जायचं असेल तर परतीचं आताच बोला, नाहीतर तिकडे अडकून दुसरा भाव ऐकावा लागतो. रेतीवर उंट-घोडेवाले असतात, त्यांचंही तसंच.

हिवाळ्यात नदीवर पाहुणे कुरव थव्याने येतात. नावेवर शेवेचं पाकीट विकायला येईल. घेऊ नका: तेलकट शेव त्यांचं अन्न नाही, आणि पक्षी तसेही जवळ येतात. दुर्बीण असेल तर काठावर खंड्या आणि रेतीच्या कडेला टिटव्या दिसतील.

गर्दी नको असेल तर बनारस हिंदू विद्यापीठ. लंका भागातल्या सिंहद्वारातून आत, सुमारे तेराशे एकरांचा झाडांचा परिसर, प्रवेश फुकट. गेटापासून नव्या विश्वनाथ मंदिरापर्यंत जाऊन यायला दीड तास धरा. अस्सी ते लंका सामायिक ई-रिक्षात सीटला दहा-वीस रुपये. ‘रिझर्व्ह’ म्हटलंत की भाव बदलला.

सारनाथ दहाएक किलोमीटरवर. उत्खनन झालेल्या परिसराचं तिकीट भारतीयांना २५ रुपये, ऑनलाइन २०. पंधरा वर्षांखालच्यांना फुकट. वस्तुसंग्रहालयाचं वेगळं, ५ रुपये, आणि शुक्रवारी बंद. शेजारचं हरणांचं उद्यान आणखी वेगळं. रिक्षा करताना ‘वेटिंग’ किती तास ते ठरवा आणि साडीच्या दुकानात जायचं नाही हेही सांगून टाका. तिथला ‘फक्त बघा’ दुकानदार रिक्षावाल्याला कमिशन देतो आणि ते तुमच्या साडीच्या किमतीत असतं.

जवळ ठेवा: आधार कार्ड आणि त्याची झेरॉक्स (धर्मशाळा, लॉज सगळीकडे मागतात), दहा-वीसच्या सुट्या नोटा, मागे पकड असलेल्या चपला. विश्वनाथ मंदिरात फोन नेता येत नाही. बाहेरची दुकानं लॉकर ‘मोफत’ देतात, पण बदल्यात प्रसादाची टोपली गळ्यात मारतात. तिचा भाव आधी विचारा. सोपा उपाय, फोन खोलीवर ठेवून दर्शनाला जा आणि चालणं दुसऱ्या दिवशी करा.